खुर्ची मागून घ्या, बाबा

ती. बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तिकिटं काढू नकोस. विमानतळावर मला खुर्चीतून ढकलत न्यायचं, म्हणजे दुसऱ्यांना तसदी." आणि लगेच पावसावर आले. बाबांशी फोनवर वाद घालून आजवर कोण जिंकलंय? म्हणून लिहितेय. आई, मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

बाबा, मागच्या खेपेला तुम्ही आमच्या चौकात थांबला होतात. फुटपाथ संपतो तिथे रस्त्यापर्यंत उतार केलेला, त्यावर पिवळी खरखरीत पट्टी. ती काठीने टोकरून तुम्ही म्हणालात, "सरकारला काळजी आहे हो इथे लोकांची." मी नुसती मान हलवली. तेव्हाच सांगायला हवं होतं की ही काळजी भांडून घ्यावी लागली.

1973 साली इथे अमेरिकेतल्या कायद्यात 504 नंबरचं कलम आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंग आहे म्हणून कुणाला बाहेर ठेवायचं नाही, एवढंच. त्याची भाषासुद्धा काळ्या लोकांनी लढून मिळवलेल्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यावरून घेतलेली. पण ते कलम अमलात आणायच्या नियमांवर सही होईना. निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले, फाइल जागची हलली नाही. शेवटी 5 एप्रिल 1977 ला, म्हणजे आपल्याकडे आणीबाणी नुकती उठली होती तेव्हा, शंभराहून जास्त माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर शिरली आणि तिथेच बसली. कुणी व्हीलचेअरवर, कुणी आंधळं, कुणी बहिरं. रात्री कूस बदलायलाही ज्यांना माणूस लागतो, असेसुद्धा त्यांत होते. औषधं थंड ठेवायची कशी? एअर कंडिशनरला खोका चिकटवला, झाला फ्रीज. फोन तोडले तेव्हा बहिरी मंडळी खिडकीशी गेली आणि खुणांच्या भाषेत खालच्या लोकांशी बोलू लागली. (वर्षानुवर्षं ज्यांना 'ऐकू येत नाही' म्हणून बाजूला बसवलं, त्यांच्याशिवाय त्या दिवशी निरोप जात नव्हता!) या सगळ्यांच्या पुढे होत्या ज्युडी ह्यूमन. पोलिओ झालेल्या. लहानपणी शाळेने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. का, तर आग लागली तर हिच्या खुर्चीचा धोका.

आता तुमचा भाग. एवढ्या माणसांना रोज जेवायला कुणी घातलं असेल? ब्लॅक पँथरनी, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने! वरळीच्या चाळीतून तुम्ही पाहिलेले दलित पँथरचे मोर्चे मला लहानपणापासून पाठ आहेत. ढसाळ, ढाले, 1972, सगळं. ते नाव जिथून आलं ते हे ओकलंड, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. त्यांचा एक कार्यकर्ता आत बसला होता, ब्रॅड लोमॅक्स, मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअरवर. पण पँथरनी एकट्या त्याचा डबा नाही आणला. रोज खाडीवरचा पूल ओलांडून सगळ्यांचं गरम जेवण यायचं, गोऱ्यांचंसुद्धा. खुद्द पँथरांवर तेव्हा पोलिसांची नजर असायची, पैशांची तर बोंबच. तरी आत बसलेल्यांपैकी कुणी 'नको, तुम्हाला तसदी' म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. 28 एप्रिलला मंत्र्यांनी त्या नियमांवर सही केली, दोन दिवसांनी मंडळी बाहेर पडली.

आई, तुला अल्कट्राझचं बेट आठवतं ना? धक्क्यावरच्या भिंतीवर लाल रंगात 'इंडियन्स वेलकम' वाचून तू म्हणालीस, "बघा, आपलं स्वागत केलंय." आपण पोट धरून हसलो होतो. ती अक्षरं इथल्या मूळ आदिवासींची आहेत. 1969 च्या नोव्हेंबरात त्यांनी ते बेट ताब्यात घेतलं आणि एकोणीस महिने सोडलं नाही. त्यावर एक वेगळं पत्र लिहीन, नाहीतर बाबांचा मुद्दा राहून जाईल.

मुद्दा हा, की विमानतळावरची खुर्ची ही कुणी केलेली मेहरबानी नाही. 1986 चा कायदा आहे. मागितली की विमान कंपनीला ती द्यावीच लागते, वर पैसेही घेता येत नाहीत. आपल्या सोसायटीत लिफ्टपुढच्या तीन पायऱ्यांवर रॅम्प हवा म्हटलं तर कमिटी म्हणाली, शोभा जाईल. तुम्ही 'असू दे' म्हणून गप्प बसलात आणि त्या दिवसापासून खाली उतरणंच बंद केलंत. आईने सांगितलं मला. त्या तीन पायऱ्यांनी तुमचा कट्टा, तुमचं वाचनालय, सगळं नेलं. त्याचा राग मला कमिटीइतकाच तुमचाही येतो, खरं सांगते.

तर तिकिटं मी काढली आहेत, व्हीलचेअरचंही नोंदवलंय. आल्यावर पहिल्या रविवारी बर्कलीला अॅशबी स्टेशनवर जायचं. तिथे अपंगांच्या संस्थांची इमारत आहे आणि आत लालभडक, गोल फिरत वर जाणारा रॅम्प. नातू म्हणतो, आजोबांना मी वरपर्यंत नेणार. त्याचा वेग बघता ब्रेकवर हात ठेवा.

आई, मेतकूट हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाक. आणि वॉकरची रबरी बुचं झिजली असतील तर तिथेच बदलून घ्या, इथे त्या मापाची मिळत नाहीत.

तुमची,
मनू