नावं विचारायची राहून गेली

लेकीचं जेवण तुटलं तेव्हा आम्हाला ते नखरेच वाटले. रागावलो, विनवण्या केल्या, नाही नाही ते बोललो. रात्रपाळीच्या त्या सिस्टरनी तिची नाडी दोनदा मोजली आणि आम्हाला बाहेर नेऊन म्हणाल्या, "हट्ट नाहीये हा. खाण्याचा मानसिक आजार आहे." सिस्टर, तुमचे आभार सगळ्यात आधी.

समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत दोष कुणाचा हा विषय मिटवला. कुटुंबाला सोबत घेणारी त्यांची उपचारपद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आली. आधी ताटाची जबाबदारी आईबापांवर, मग हळूहळू परत मुलीकडे. ऐकायला सोपं! पहिल्या दिवशी एका वाटीपुढे आम्ही तिघं सव्वा तास बसून होतो.

१९४४-४५ मधल्या मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दलही त्यांनीच सांगितलं. ३६ धडधाकट तरुणांना अर्धपोटी ठेवलं, तर तेही चिडचिडे, एकलकोंडे झाले. डोक्यात सतत अन्न. लेकीच्या तुसडेपणाचा उलगडा मला तेव्हा झाला. आहारतज्ज्ञांनी मात्र आमची घाई रोखली. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं?

ती अजून वजनकाट्यावर आकड्याकडे पाठ करूनच उभी राहते. पण परवा तिनं स्वतः वाढून घेतलं.

आणि बाहेर बाकावर बसलेल्या निळ्या स्वेटरवाल्या मावशी, तुमचा रुमाल अजून माझ्याकडेच आहे.