‘वकिलाचा सल्ला घ्या’ हे उत्तर झालं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतलं कायद्याचं सदर वाचलं आणि तेव्हापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहितेय. अंबडच्या कारखान्यातला तो माणूस विचारतोय की इतकी वर्षं नोकरी करून राजीनामा दिला, आता कंपनी म्हणते राजीनामा देणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळत नाही, तर मी काय करू? आणि तुमच्या सल्लागारांचं उत्तर काय, तर कामगार कायद्यातल्या तज्ज्ञ वकिलांना भेटून योग्य ती कार्यवाही करावी. अहो, वकील परवडत असता तर त्याने पेपरला कशाला लिहिलं असतं? पाच वर्षं पूर्ण झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, एवढं वाक्य तरी छापायचं. आणि मालकाविरुद्ध अर्ज करायला मुदत असते, माझ्या वेळी ती ९० दिवसांची होती, सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी धावपळ. तो माणूस तुमचं उत्तर वाचून वकील शोधत बसला असेल आणि इकडे त्याचे दिवस चाललेत, हे तुमच्या लक्षात येतंय का?

मला राग यायला कारण आहे. मी एका विनाअनुदानित शाळेत २२ वर्षं शिकवलं, २०२३ मध्ये निवृत्त झाले. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार. हिशोब सोपा आहे, पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे वर्षाला १५ हजार, २२ वर्षांचे ३ लाख ३० हजार. ऑफिसात अर्ज दिला तर संस्थेचे सचिव म्हणाले, बाई, शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा कायदाच लागू नाही. आता २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलं होतं हे खरं, पण म्हणूनच तर संसदेने २००९ मध्ये कायदा बदलला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला, खासगी शाळावाले त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. म्हणजे मी निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षीच हा विषय संपला होता! सचिवांना हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

मग वकील. एकांनी मिळेल त्या रकमेचे वीस टक्के मागितले. निकालावर अवलंबून फी ठरवायची किंवा मिळालेल्या पैशात वाटा मागायचा, हे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही हे मला फार नंतर कळलं. दुसरे म्हणाले शाळा न्यायाधिकरणात जा. ते न्यायाधिकरण बडतर्फी, पदावनती असल्या गोष्टींसाठी आहे, ग्रॅच्युइटीचा आणि त्याचा संबंध नाही, माझ्या वेळी आपल्याकडे ग्रॅच्युइटीचे अर्ज कामगार न्यायालयाचे न्यायाधीश ऐकायचे. हे सगळं मला सांगितलं कोणी, तर आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी. एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी द्या असा निकाल आला तेव्हापासून त्यांच्या संघटनेतल्या बायकांना या कायद्याची कलमं तोंडपाठ आहेत. त्याच मला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेल्या.

तिथे कळलं की १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. औद्योगिक कामगारालाही मिळतो, त्यालाही उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तुमच्या त्या अंबडच्या वाचकाचा हा सरळ हक्क आहे आणि तुमच्या सदरात त्याचं नावसुद्धा नाही. १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर छापायला किती जागा लागते?

मला प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एक तरुण वकील मिळाल्या. तारखा पडायच्या त्या पडल्याच, वेळ लागला, ते मी लपवत नाही. पण आदेश माझ्या बाजूने झाला. संस्थेने अपिलाची धमकी दिली तेव्हा वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं, करा, पण आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागेल. मग अपील झालं नाही, मुद्दल मिळालं. उशिराचं १० टक्के सरळ व्याज अजून अडकवून ठेवलंय आणि ते मी सोडणार नाही, कारण तो माझा पैसा आहे, संस्थेचा उपकार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा तुम्ही त्यावर भरभरून छापलंत, ठरावीक मुदतीच्या नोकरीवाल्याला आता एका वर्षाने ग्रॅच्युइटी वगैरे. चांगलंच आहे. पण मालकाने दिली नाही तर कुठे जायचं ते कुठेच नव्हतं.

आणि आता लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. आमच्या शाळेत पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा आणि दर महिन्याला त्यातला हिस्सा रोख परत द्यावा लागायचा, सगळ्या शिक्षकांना. माझ्या केसमध्ये बँकेचं पासबुकच उपयोगी पडलं, कारण कागदावर पगार पूर्ण होता. जे आजही असा पगार परत देतायत त्यांनी पासबुकं जपून ठेवावीत. तुमच्या पेपरात मे-जूनमध्ये शाळांच्या पानपानभर जाहिराती येतात. त्याच महिन्यात एखादा वार्ताहर त्या शाळांमधल्या शिक्षकांकडे पाठवा, हातात नक्की किती पडतात हे विचारायला. नाव न छापण्याची खात्री दिलीत तर बोलतील, मी स्वतः चारजणींना बोलतं करते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक