आधी तापाचं लिही

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास. मीही नको ते बोलले. अंगात ताप असताना पहाटे पक्ष्यांच्या घरट्यांच्या पेट्या बघायला जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. त्यात दादाच्या नोकरीचं काढायला नको होतं.

पक्ष्यांच्या अभ्यासाचं तू पाठवलेलं सगळं दोनदा वाचलं. घरटं मायक्रोवेव्हमध्ये तापवून पिसवा मारायच्या आणि काही घरट्यांत मोजून परत सोडायच्या, हे बाबांना वाचून दाखवलं. आता भेटेल त्याला सांगत सुटलेत.

मी मात्र त्या मादीपाशीच अडकले. स्वच्छ घरट्यात ग्रेट टिटची, म्हणजे त्या चिमणीएवढ्या पक्ष्याची, मादी जवळपास पाऊण रात्र झोपते, पिसवा असल्या की जेमतेम अर्धी. गेलेल्या झोपेचा बराचसा वेळ घरटं साफ करण्यात जातो. तू किती झोपतेस? खरं सांग. पिल्लं जास्त ओरडतात तेव्हा खेपा वाढवतो तो नर, थेट दीडपट. ती नाही वाढवत. कुठून वाढवणार?

आणि तो १९९५चा स्वित्झर्लंडमधला अभ्यास. घरट्यात दोन पिल्लं जास्तीची ठेवली, तर राबणाऱ्या नरांमध्ये मलेरियाचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. तो पक्ष्यांचा मलेरिया, माणसाचा नव्हे, हे तू तीनदा सांगितलंस. कळलंय गं. पण वाचताना रेखाची दोन्ही मुलं आपल्याकडे राहायला आली ते वर्ष डोळ्यांपुढे आलं. बाबा दोन-दोन पाळ्या करायचे. रात्री न जेवता झोपायचे, तर तुला वाटायचं रागावलेत. त्यांची पाठ तेव्हापासूनची. ती दोघं जड झाली असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुला निदान आता कळावं.

पिल्लं उडाली म्हणजे हिशेब संपला नाही, आईबापांच्या अंगावर काय निघालं तेही मोजायला हवं, हे तूच लिहिलंयस ना? किती नेमकं लिहिलंस! मग स्वतःची मोजणी कोण करणार? दोन जणांचं काम एकटीने अंगावर घेतलंस, वर हा ताप, आणि जेवण…

पुन्हा भाषण झालं. माफ कर. लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

३१ नंबरच्या पेटीतली सगळी पिल्लं उडाली का, ते कळव. रक्त तपासलंस त्याचं काय आलं, तेही. आधी रक्ताचं लिही.

तुझी,
आई