गिझरच्या पाण्याला वास येतो म्हणून लगेच नवा गिझर घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या आधी आमच्या डिचोली भागात एक तक्रार हमखास कानावर येते. बंद असलेलं मूळ घर उघडलं, झाडलोट झाली, गिझर चालू केला आणि गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास. मग सर्व्हिसवाला येतो, नुसतं बाहेरून बघून टाकी गेली म्हणतो, नवीन घ्या म्हणतो आणि सणाच्या गडबडीत माणूस पैसे मोजून मोकळा होतो. आमच्या शेजारच्या आजी पेन्शनवर राहतात, त्यांनाही यंदा असंच सांगितलं. पण त्यांच्या भाच्याने गावातल्या मेकॅनिकला बोलावून गिझर खोलून घेतला तर टाकी एकदम धडधाकट! बादलीत काळा बुळबुळीत गाळ उतरला आणि आतला रॉड झिजून तारेएवढा राहिला होता, त्यावर पांढरट खरपुडं. तो गाळ बघून मला हे पत्र लिहावंसं वाटलं कारण असे किती चांगले गिझर भंगारात जात असतील.

हा वास हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा. पाण्यात थोडंफार सल्फेट असतंच, काही जीवाणू त्याच्यापासून हा वायू बनवतात आणि त्यांना हवं असतं कोमट, साचलेलं, हवा न लागणारं पाणी. आता आपल्याकडे काय होतं बघा, एप्रिल-मेमध्ये गिझर कोणी लावत नाही, पाणी मात्र आत तसंच, बाहेर 33-34 डिग्री, म्हणजे जीवाणूंची चैनच. पूर्वी न्हाणीत तांब्याचं भाण असायचं, ते रोज रिकामं व्हायचं, घासलं जायचं. गिझर तसा कधीच रिकामा होत नाही, खालून गार पाणी आत आलं तरच वरचं गरम बाहेर पडतं, त्यामुळे तळाचा गाळ वर्षानुवर्षं तिथेच.

दुसरं कारण तो रॉड. आतून काचेचा लेप दिलेल्या लोखंडी टाकीत मॅग्नेशियमचा रॉड बसवलेला असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, त्याचं कामच ते. पण झिजताना जो हायड्रोजन तयार होतो तो या जीवाणूंना खाद्य ठरतो, म्हणून वास गरम पाण्यालाच जास्त. काही मेकॅनिक यावर रॉडच काढून टाकतात, वास जातोही, पण मग टाकी खरंच गंजते. कृपा करून तसं करू देऊ नका. झिजलेला असेल तर नवा घाला, आणि नव्या मॅग्नेशियमच्या रॉडनेही वास परत आला तर अॅल्युमिनियम-झिंकचा मिळतो का विचारा, त्याने बऱ्याचदा फरक पडतो.

मेकॅनिकला फोन करण्याआधी मात्र एक गोष्ट घरीच करा. एका ग्लासात गार पाणी, दुसऱ्यात गरम पाणी घ्या आणि न्हाणीच्या बाहेर जाऊन वास घ्या, बाहेर अशासाठी की या वासाला नाक फार लवकर सरावतं, घरच्यांना कळत नाही आणि पाहुण्याला पहिल्याच आंघोळीला कळतं. गरमालाच वास असेल तर दोष गिझरमध्ये. दोन्हीला असेल तर विहीर किंवा छपरावरची टाकी बघायला हवी, गिझर बदलून काही होणार नाही. खाडीजवळच्या विहिरींत खारं पाणी शिरलं की सल्फेट वाढतं आणि विहिरीच्या पाण्यात नळासारखं क्लोरीनही नसतं, तेव्हा त्या लोकांनी पाणी तपासूनच घ्यावं.

दोष गिझरमध्येच असेल तर आधी थर्मोस्टॅट शेवटपर्यंत वाढवून काही तास ठेवा, 60 डिग्रीच्या वर हे जीवाणू टिकत नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो ना हे आधी बघा आणि त्या वेळात पोरांना, म्हाताऱ्यांना त्या नळाजवळ जाऊ देऊ नका, इतक्या गरम पाण्याने काही सेकंदांत भाजतं. मग मेन स्विच बंद, पाणी थंड होऊ द्या, गिझर पूर्ण रिकामा करून गाळ निघेपर्यंत धुवून घ्या. परत भरल्याशिवाय, म्हणजे गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत, स्विच लावायचा नाही, नाहीतर कॉइल जळते. एवढ्याने वास गेला नाही तर छपरावरच्या टाकीत ब्लीचिंग पावडरची निवळी घालून ते पाणी बंद गिझरमध्ये काही तास ठेवतात आणि नंतर टाकी, पाइप, गिझर सगळं नीट धुऊन काढतात, हे माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. आणि ब्लीचिंगसोबत अॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड चुकूनही वापरू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत जिवावर बेतेल.

भाड्याने फ्लॅट देणाऱ्यांनाही सांगणं आहे, खोल्या महिनोन्‌महिने रिकाम्या असतात तेव्हा गिझर रिकामा करून ठेवा किंवा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तापवून सगळं पाणी सोडून द्या.

सर्व्हिस कंपन्यांना माझी विनंती आहे की टाकी गेली असं सांगण्याआधी गिझर खोला, गाळ आणि रॉड ग्राहकाच्या डोळ्यांसमोर धरा आणि रॉड कधी बदलला ती तारीख गिझरवरच चिकटवा. साधा सुटा रॉड डिचोली, म्हापशाच्या इलेक्ट्रिकल दुकानांत सहज मिळाला तर आमच्या शेजारच्या आजींसारख्या माणसांना नव्या गिझरचा खर्च पडणार नाही.

– एक वाचक, डिचोली