थंडीतली सायकल: कपड्यांचं बोलून झालं, आता दिव्यांचं बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की सगळीकडे 'थंडीत सायकल चालवताना घ्यायची काळजी' टाईपचा मजकूर यायला लागतो. हातमोजे घाला, कानटोपी घाला, वॉर्मअप करा, तहान लागली नाही तरी पाणी प्या, आणि शेजारी कोवळ्या उन्हात हसतहसत सायकल चालवणाऱ्या कोणाचा तरी फोटो. त्यात चुकीचं काही नाही. पण जे लोक सायकल व्यायामासाठी नाही तर कामावर जायला-यायला वापरतात त्यांचा हिवाळा त्या फोटोत नसतोच. आमचा हिवाळा संध्याकाळी सुरू होतो, काम सुटलेलं, अंधार पडलेला, अंगात दिवसभराचा शीण आणि शेजारून जाणारा प्रत्येकजण घरी पोचायच्या घाईत. सकाळी जाणं आणि संध्याकाळी परत येणं, रस्ता तोच असला तरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परत येण्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

थंडीचं आधी उरकून टाकतो, कारण खरं सांगायचं तर थंडी हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. सायकलवर स्वतःच्या वेगानेच वारा तयार होतो. बाहेर ५ अंश असेल आणि अंगावर ताशी २० किमीचा वारा येत असेल तर उघड्या कातडीला ते १ अंशासारखं लागतं, हे हवामान खाती वापरतात त्या विंडचिलच्या (वाऱ्यामुळे थंडी किती जास्त लागते त्याच्या) सूत्रातून निघतं. म्हणजे बाहेर वाऱ्याचं पानही हलत नसलं तरी आपल्यासाठी वारा आहेच. पण पाय चालू असतात तोवर शरीर भट्टीसारखं तापतं, त्यामुळे जाड जाड घालून निघालेला माणूस थोड्या वेळात घामाघूम होतो, आणि मग सिग्नलला थांबला की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं, त्यामुळे ओला बनियन म्हणजे बनियन नसल्यापेक्षा वाईट. त्यातही सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं, लोकरीचं त्या मानाने बरं. निघताना थोडं काकडायला झालं पाहिजे, निघतानाच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय असं समजायचं. बाहेरून वारा अडवणारं पातळ विंडचीटर, आत एक-दोन थर, तोंडावर मफलर, कारण गार कोरडी हवा थेट छातीत गेली की ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांची श्वासनळी आवळते. मफलरमुळे चष्म्यावर वाफ धरते, त्याला इलाज मला तरी सापडलेला नाही.

हात मात्र वेगळा विषय आहे. गारठ्यात शरीर आधी पोटाला, छातीला सांभाळतं आणि हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं, त्यामुळे पाय पायडल मारून गरम असतात पण हात हँडलवर नुसते धरलेले, वाऱ्याच्या तोंडावर. आधी टोकांना मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, आणि मग एक क्षण असा येतो की ब्रेकच्या लिव्हरवर बोट आहे हे डोळ्यांना दिसतं पण बोटाला कळत नाही. ब्रेक किती दाबला गेला त्याचा अंदाजच लागत नाही, एकतर लागतच नाही नाहीतर एकदम कचकन लागतो. म्हणून हातमोजे हा सुरक्षिततेचा विषय आहे, आरामाचा नाही, आणि जिथे फार थंडी असते तिथे लोक दोन-दोन बोटं एकत्र जाणारे मोजे वापरतात किंवा हँडललाच पिशवीसारखं कव्हर लावतात त्यात काही वेडेपणा नाही. झालं, कपडे संपले.

आता मुद्द्याचं. अंधार.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबर हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो दिवस हा नाही, तो त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो, आणि विषुववृत्ताकडे जावं तसा अजून आधी, नोव्हेंबरमध्येच. म्हणजे संध्याकाळी परतणाऱ्यांचा अंधार कॅलेंडरातल्या हिवाळ्याच्या आधी येतो आणि त्यावेळी कोणाच्याच डोक्यात हिवाळा नसतो. गेल्या महिन्यात त्याच वाजता त्याच वळणावर उजेड होता, ह्या महिन्यात नाही, आणि गाडीवाल्याचा पाय मात्र जुन्याच सवयीने ॲक्सिलरेटरवर.

ह्यावर आम्हाला सल्ला मिळतो की भडक जॅकेट घाला. ते पोपटी-पिवळं फ्लुरोसंट जॅकेट चमकतं ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे, ते किरण तो रंग गिळतो आणि दिसणारा उजेड म्हणून बाहेर टाकतो. दिवसा आणि तिन्हीसांजेला हे झकास चालतं. पण पूर्ण अंधार पडल्यावर अतिनील किरण येणार कुठून? गाडीच्या हेडलाईटमध्ये ते जवळपास नसतातच. मग ते जॅकेट म्हणजे नुसता एक फिकट रंगाचा कपडा. रात्री उपयोगी पडते ती त्यावरची चंदेरी पट्टी, कारण तिच्यावर पडलेला उजेड ती जिथून आला तिथेच परत पाठवते, म्हणजे गाडीवाल्याच्या डोळ्याकडे. आणि ही पट्टी पाठीपेक्षा घोट्याला जास्त कामाची. पाठीवरची पट्टी लांबून बघणाऱ्याला खांबावरचा, डब्यावरचा रिफ्लेक्टर वाटू शकते, पण दोन ठिपके आळीपाळीने वर-खाली होताना दिसले की डोक्याला ताबडतोब कळतं हा माणूस आहे आणि पायडल मारतोय. पायडलला पिवळे रिफ्लेक्टर असतात ते ह्याच कामाचे, आणि लोक नवीन सायकल घेतल्यावर ते बरं दिसत नाही म्हणून काढून टाकतात!

तरी रिफ्लेक्टर म्हणजे उसना उजेड. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा झोत तुमच्यावर पडेपर्यंत तो गप्पच असतो, त्यामुळे स्वतःचा दिवा पाहिजेच, पुढे पांढरा, मागे लाल. १९६८ च्या व्हिएन्नाच्या रस्ता वाहतूक करारातसुद्धा सायकलला ब्रेक, घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे-मागे दिव्यांची सोय असली पाहिजे असं लिहिलेलं आहे, म्हणजे ही काही शौकिनांची चैन नाही. ताशी ६० ने येणारी गाडी ३ सेकंदात ५० मीटर कापते. त्यातला सेकंद-दीड सेकंद ड्रायव्हरला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाण्यातच जातो. लाल दिवा दहा मीटर आधी दिसला काय किंवा शंभर मीटर आधी दिसला काय, फरक एवढाच की शंभरात ब्रेक लागतो आणि दहात नाही.

बॅटरीच्या दिव्यांचं एक आहे, लिथियमची बॅटरी गारठ्यात मंदावते, उन्हाळ्यात आठवडाभर पुरणारा दिवा कडाक्याच्या थंडीत अर्ध्या वाटेत डोळे मिटतो, म्हणून कामाच्या ठिकाणी तो सायकलवर न ठेवता आत आणावा आणि आतच चार्ज करावा (शून्याखाली चार्ज केली तर बॅटरी कायमची बिघडते). ज्यांना रोजची ही कटकट नको त्यांनी चाकाच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेला, डायनॅमो बघावा. टायरला घासून कुरकुरणारा जुना डायनॅमो आठवून लोक नाक मुरडतात, पण हबमधला आवाज करत नाही, जड जात नाही, ६ व्होल्ट ३ वॅटमध्ये आताचे एलईडी दिवे चांगले पेटतात आणि सिग्नलला थांबल्यावरही मागचा दिवा काही मिनिटं चालू राहतो.

आता आमच्यातल्याच लोकांना एक बोलून घेतो. समोरच्याच्या डोळ्यात जाईल असा लखलखीत दिवा लावून, वर तो लुकलुकत ठेवून चालवणारे सायकलवाले वाढलेत. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरं पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय हे कळत नाही, जर्मनीत तर सायकलच्या मुख्य दिव्यांना लुकलुकायची परवानगीच नाही आणि पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा लागतो, म्हणजे रस्ता उजळतो, समोरच्याचे डोळे नाही. दिवा दोन बोटं खाली वाकवायला पैसे पडत नाहीत.

पण हेच चारचाकीवाल्यांना शंभरपट लागू आहे. समोरून अप्पर मारून गाडी येते आणि गेल्यावर पुढचे काही सेकंद सायकलवाल्याला अक्षरशः काही दिसत नाही, रस्ता नाही, खड्डा नाही, पायी चालणारा माणूस नाही, नुसता डोळ्यासमोर एक हिरवट डाग तरंगतो. गाडीवाला चार चाकांवर आणि काचेआड असतो, त्याला ह्याची कल्पना येत नाही. समोर सायकल दिसली तर डिप्पर द्या, समोर ट्रक असता तर दिला असताच ना? आणि धुक्यात तर अप्पर लावून स्वतःचंच नुकसान, कारण धुक्यातले पाण्याचे थेंब तो झोत उलटा तुमच्याच डोळ्यात फेकतात. मग समोर पांढरी भिंत, आणि त्या भिंतीत कुठेतरी आम्ही.

दुसरा मुद्दा रस्त्याच्या कडेचा. सायकलवाल्याने कडेने चालावं असं सगळ्यांना वाटतं, पण हिवाळ्यात कडेला काय असतं ते कोणी बघितलंय का? रस्त्यावरचं सगळं गाड्यांच्या चाकांनी ढकलत ढकलत कडेलाच येतं. खडी, काचा, चिखल, आणि पालापाचोळा, जो दवाने भिजला की साबणासारखा होतो आणि खाली खड्डा असेल तर तोही झाकून टाकतो. ओले पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ह्यांच्यावर वळताना ब्रेक लावला की गेलाच माणूस, आणि साध्या रबरी ब्रेकवाल्या सायकलला ओल्यात ब्रेक लागायला क्षणभर उशीर होतो कारण पॅड आधी रिमवरचं पाणी पुसतात आणि मग पकडतात. जिथे पारा शून्याखाली जातो तिथे ह्यात बर्फाची भर, तीही पांढऱ्या दिसणाऱ्या बर्फाची नाही, डांबरासारख्याच दिसणाऱ्या पातळ पारदर्शक थराची. तिथे लोक खिळे बसवलेले टायर लावतात.

म्हणून कडा साफ ठेवणं हे आमच्यासाठी फूटपाथच्या फुलझाडांसारखं सुशोभीकरण नाहीये, तो आमचा रस्ता आहे. फिनलंडमधलं औलू हे शहर आर्क्टिक वृत्तापासून फार लांब नाही, तरी तिथली माणसं, शाळेची पोरं धरून, भर हिवाळ्यात सायकल चालवतात, आणि हिवाळी सायकलिंगची आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये पहिल्यांदा भरली ती तिथेच. ती माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत, फरक एवढाच की तिथे सायकलचे रस्ते स्वतंत्र आहेत, त्यांच्यावर दिवे आहेत आणि बर्फ पडला की ते वेळेवर साफ होतात. कोपनहेगनमध्ये सायकलच्या मार्गांना बर्फ काढताना प्राधान्य असतं. स्वीडनमधल्या कार्लस्कूगा नावाच्या छोट्या शहरात तर त्यांनी बर्फ काढायचा क्रमच उलटा केला, आधी पायवाटा आणि सायकलवाटा, मग मोठे रस्ते, कारण बर्फावर घसरून हाडं मोडणारे मुख्यतः पायी आणि सायकलवर असतात, गाडीत बसलेले नाही. बर्फ नसलेल्या ठिकाणी बर्फाच्या जागी खडी आणि पाचोळा वाचा, हिशोब तोच.

हवेचंही एक सांगतो आणि थांबतो. थंडीत संध्याकाळी जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड, वर मात्र उबदार हवेचं झाकण, त्यामुळे धूर वर जात नाही, नेमका त्याच वेळी ट्रॅफिक सगळ्यात जास्त आणि सायकलवाला सगळ्यात जोरात श्वास घेणारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. साधा मफलर हे कण अडवत नाही, घट्ट बसणारा एन९५ मास्क अडवतो, पण चढावर तो लावून पायडल मारून दाखवा. त्यापेक्षा समांतर जाणारी आतली गल्ली बरी, थोडं लांब पडलं तरी.

ऑफिसवाल्यांसाठी एकच, शॉवर-बिवर राहू द्या, सकाळचे दमट कपडे आणि मोजे वाळत घालायला एक हवेशीर कोपरा द्या. संध्याकाळी ओले मोजे परत चढवून अंधारात निघणं ही सगळ्यात नकोशी गोष्ट आहे.

"एवढं असेल तर बसने जा की" असं कोणीतरी म्हणणारच. जातो ना, ज्या दिवशी धुकं दाट असेल त्या दिवशी जातोच आणि त्यात कमीपणा मानत नाही. पण उरलेल्या दिवशी आम्ही रस्त्यावर असणार आहोत, हे गृहीत धरून रस्त्याची कडा झाडली जावी, खांबावरचे दिवे वेळेत लागावेत आणि समोरच्याने डिप्पर द्यावा एवढीच अपेक्षा.

पत्र लांबलं आहे ह्याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर कपड्यांचा परिच्छेद खुशाल कापा, पण दिव्यांचा ठेवा.

आपला,
रोज सायकलने परतणारा एक वाचक