बाय, आधी गळा

प्रिय बाय,

तुझा जॅझचा अल्बम रात्री बाराला आला आणि बाबांनी तो त्याच मिनिटाला लावला. फोनचा आवाज मोठा व्हावा म्हणून तो स्टीलच्या वाटीत उभा केला होता. वाटीत डबल बास कसा वाजतो ते तुझ्या साउंड इंजिनिअरला सांगू नकोस, रडेल बिचारा. सकाळपर्यंत अर्ध्या फोंड्याला लिंक गेली होती. दादाकाकांचं उत्तर आलं, "छान. पण नाट्यगीत एकही नाही?" बाबांनी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

आजीची ओवी तू पाच मात्रांत बसवलीस, तिथे मी उठून ओट्याकडे गेले. जात्यावर ती काही पाच मात्रांत गायली नसेल, पण ओढ तीच. ओळीच्या शेवटी आवाज अलगद सोडून द्यायची तिची लकब तू कुठून उचललीस गो? ती गेली तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. ब्रशने वाजवलेला ड्रम मागे आहे की नाही तेही कळू नये इतका हळू, आणि पियानो तुला वाट करून देतो. तुला शिकवणारे क्वायरचे मास्तर असते तर म्हणाले असते, पोरगी थांबायला शिकली.

आणि मग सहावं गाणं. शेवटच्या फेरीआधी तू श्वास घेतेस, वर जातेस आणि पहिल्या अक्षराला नुसती हवा येते. आवाज मागून येतो, क्षणभर उशिरा. बाबांना कळलं नाही. मला कळलं, कारण तीच हवा मी चौथीच्या वर्गाला शिकवताना माझ्या गळ्यातून ऐकलेली आहे.

गळ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच मी बसले होते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून सांगितलंय, स्वरतंतूंवर गाठी आहेत, गळ्याला विश्रांती हवी, तू ऐकलंयस, तू मोठी आहेस. तर दुसरं काहीतरी लिहिते.

तुझी स्वतःची तीन गाणी आहेत त्यांची आयपीआरएसकडे, त्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, नोंद केलीस का? 2012 च्या कायद्याने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊन काढून घेता येत नाही, पण नोंदच नसेल तर द्यायचा कुणाला? गायिका म्हणून तुझा हक्क वेगळा, त्याची संस्था वेगळी. स्पॉटिफायवर तर गाणं वर्षाला हजार वेळा वाजल्याशिवाय पैसेच मोजत नाहीत म्हणे. बाबा एकटेच हजार करतील, ती काळजी नको. पण घरभाडं त्यातून निघणार नाही हे मलाही कळतं. ते कार्यक्रमांतूनच निघणार. म्हणजे पुन्हा गळ्यावरच आलो.

बेंगळुरू, कोलकाता, दिल्ली, पुणे, सगळं एका महिन्यात, आणि रात्री दोन-दोन सेट. तू म्हणालीस, आत्ता अल्बम नवा आहे, आत्ता नाही गायले तर लोक विसरतील. आणि कुणीतरी सुचवलंय की कार्यक्रमाआधी एक इंजेक्शन घेतलं की झालं. बाय, इंजेक्शनने सूज उतरते, गाठ तिथेच राहते. बरं वाटतं म्हणून माणूस आणखी जोर लावतो, आणि मग आतली बारीक रक्तवाहिनी फुटली तर? साधं बोलतानासुद्धा बाईचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आदळतात. वरच्या पट्टीत त्याच्या दुप्पट. विळीने बोटाला घट्टा पडावा तशा या गाठी. घट्ट्यावर जोर देऊन तो बरा होत नाही, काम थांबवलं की जातो. मला कापाकापी लागली नव्हती. स्पीच थेरपीच्या बाईंनी महिनाभर स्ट्रॉमधून पाण्यात बुडबुडे काढायला लावले, तू हसायचीस. खाकरू नकोस. कुजबुजूही नकोस, कुजबुजण्याने ताण कमी होत नाही. स्टेजवर मॉनिटरमधून स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर गाणं थांबवून सांग, लाजू नकोस. लोक जेवताहेत, ग्लास वाजताहेत आणि तू त्यांच्या वर गायला बघतेस, गळा तिथेच जातो.

मास्तरीण बोलायला लागली. माफ कर. तुझ्या क्षेत्रातलं मला काय कळतं!

पण घोगरा आवाज जॅझला शोभतो, हे तुझं मला पटलेलं नाही. त्या जुन्या जॅझ गायिकेचं, बिली हॉलिडेचं नाव घेतलंस. ती 1959 साली, 44 व्या वर्षी गेली. तिच्या शेवटच्या आवाजात जे ऐकू येतं ते लोकांना फार आवडतं, पण तिला ते परवडलं का? एला फिट्झजेराल्ड, तीही जॅझचीच, पंचाहत्तरीपर्यंत गात होती, तिच्यासारखं म्हातारं हो ना. आणि अडेलने 2011 साली अमेरिकेचा अख्खा दौरा रद्द केला, ऑपरेशन करून घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत सहा ग्रॅमी घेऊन घरी गेली. उलट ज्यूली अँड्र्यूजचं गाणं 1997 च्या ऑपरेशननंतर परत आलंच नाही. म्हणून म्हणते, वेळ ऑपरेशनवर यायच्या आत थांब.

लोक विसरत नाहीत गो. 1995 साली मिरामारच्या वाळूवर आपली कोंकणी गायिका लॉर्ना परत गायली, तेव्हा मी आणि बाबा गेलो होतो. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, परतीची शेवटची बस चुकली. वीसेक वर्षं ती गायली नव्हती. ती आजारपणाची विश्रांती नव्हती, मला ठाऊक आहे, तिचं गाणं करारात अडकलं होतं, तो निराळा अन्याय. उदाहरण तंतोतंत जुळत नाही. पण पहिली ओळ सुरू झाली आणि माझ्या बाजूची म्हातारी नऊवारीतली बाई, जिला इंग्रजी बँडशी काही देणंघेणं नसावं, ती पुढची ओळ तोंडपाठ म्हणाली. सगळा किनाराच म्हणत होता. लॉर्नाच्या वीस वर्षांपुढे तुझी दोन महिन्यांची विश्रांती ती काय?

हेही लिहिते, कारण समोर बोलणार नाही. आपल्या घरात हार्मोनियम होती, ट्रम्पेट-व्हायोलिन नव्हतं. पोर्तुगीज काळात नोटेशन चर्चच्या शाळेत शिकवायचे, म्हणून मुंबईच्या हॉटेलांतले बँड गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी भरले, ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटसारख्यांनी. आपल्यातलं त्या रांगेत कुणी नव्हतं. तू मास्तरांच्या दारात जाऊन बसलीस तेव्हा केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाईंचं नाव घेऊन लोकांनी आम्हाला टोमणे मारले. बाबांनी ते ऐकून घेतले आणि तुला संध्याकाळी स्कूटरवरून सोडत राहिले. आता अल्बमच्या कव्हरवर तू साडी का नेसली नाहीस एवढीच त्यांची तक्रार आहे.

मंगेशीला अभिषेक सांगितला आहे. तुझ्या गळ्यासाठी, अल्बमसाठी नाही. अल्बम तुझं तू बघशील.

पुण्याचा कार्यक्रम ठेव हवा तर, तो शेवटी आहे आणि हॉल बसून ऐकणाऱ्यांचा आहे. बाकीच्यांना या आठवड्यात कळव, म्हणजे त्यांना दुसरं कुणी मिळेल. इसार परत द्यावा लागला तर बाबांची एफडी मोडायची ठरली आहे, वाद घालू नकोस.

मामा सोमवारी मुंबईला येतोय. त्याच्याबरोबर कोकम आगळ पाठवणार होते, पण तुला रात्री आंबट वर येतं ना? तेही गळ्याला वाईटच. नाचणीचं पीठ पाठवते. रात्री उशिरा जेवून लगेच आडवी होऊ नकोस.

आणि हे वाचून फोन करू नकोस. टाइप कर.

तुझी,
आई