गोळी लागली नाही म्हणून काय झालं

सॅन अँटोनियो, टेक्सास

ती. आई-बाबांना शि. सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "जावईबापूंना आजारपणाचे पैसे सरकार कशापायी देतंय? गोळी तर लागली नव्हती." डॅनियल शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. आज निवांत लिहिते.

बाबा, हेच वाक्य त्याचंही होतं. किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले तरी अर्ज करायला तयार नव्हता. "माझे हातपाय शाबूत आहेत, ज्यांचे गेले त्यांचा तो हक्क." तुम्ही दोघं एका पलटणीत शोभला असता.

2007 साली तो इराकमध्ये बलादच्या अमेरिकी लष्करी तळावर होता. तिथला कचरा जाळायचा खड्डा दहा एकरांच्या आसपास होता. आपलं सगळं शिवार मिळून चार एकर, म्हणजे बघा. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा, मैला, सगळं त्यातच, आणि पेटावं म्हणून वर विमानाचं इंधन ओतायचे. सकाळी उशीच्या अभ्र्यावर काळा शेंबूड लागलेला असायचा, एवढंच तो सांगतो. पुढे विचारलं की उठून अंगणातलं गवत कापायला लागतो.

आई, तू विचारत होतीस, विडीकाडी नाही तरी कॅन्सर कसा? त्या धुरामुळेच झाला, असं डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाहीत. इथेच तर सगळे अडकायचे. धुराचा आणि आजाराचा संबंध सैनिकानेच दाखवायचा, तोही दहा-पंधरा वर्षांनी! 10 ऑगस्ट 2022 ला अशा सैनिकांसाठीच्या पॅक्ट कायद्यावर सही झाली तेव्हा हे बदललं. हीथ रॉबिन्सन या सार्जंटचं नाव त्याला दिलंय. तो ओहायोच्या नॅशनल गार्डमधला, इराकला जाऊन आलेला, 2020 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. आता त्या मुलखात नोकरी झाली असेल आणि कॅन्सर यादीतला असेल (किडनी, मेंदू, स्वादुपिंड, बरेच आहेत), तर संबंध आहे असं सरकारच धरून चालतं. व्हिएतनामला लढलेल्या इथल्या सैनिकांचं बघा, जंगलाची पानं झडवायला मारायचे त्या एजंट ऑरेंज या विषारी औषधाची फवारणी 1971 ला थांबली आणि त्यांच्यासाठी असा कायदा आला 1991 ला. मधल्या वीस वर्षांत किती जण गेले असतील.

आम्ही आधी 'अर्ज करणार आहोत' एवढंच कळवून टाकलं. त्याने तारीख पक्की होते, कागद जमवायला वर्ष मिळतं, आणि मंजूर झालं की पैसे त्या तारखेपासून. कॅन्सर चालू आहे तोवर शंभर टक्के अपंगत्व धरतात, रकमेवर कर नाही. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग टक्के कमीही होतील. होऊ देत, त्याचा मला आनंदच आहे.

आता तुमच्याकडे वळते, बाबा. आयुष्य तोफखान्यात गेलं, आणि कानाचं विचारलं की तुम्ही म्हणता "वय झालं". पेन्शनीत आलात तेव्हा तुम्ही बेचाळीस वर्षांचे होतात. चुलीशेजारी बसून तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू आली नव्हती, भात करपला होता, आईला विचारा. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय की भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, आणि दुखणं नोकरीमुळे नाही हे दाखवणं सरकारचं काम. त्यांना आजारपणामुळेच सेवेतून कमी केलं होतं, तुमचं तसं नाही. म्हणून आशा लावत नाही. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारायला काय जातंय?

डिस्चार्ज बुक माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, आईच्या पैठणीखाली. सगळ्या पानांचे फोटो पाठवा. आणि एकटे जाऊ नका. समोरचा काय बोलला ते ऐकू येणार नाही आणि तुम्ही मान डोलावून परत याल. आईला सोबत न्या.

तुमची,
मनी